मागचंच मॉडेल द्या

दिवाळी संपली की आमच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिची तयारी ऐन भरात आलेली असते, आठवड्याचं अंतर वाढत चाललेलं असतं आणि पायातला जोड झिजत आलेला असतो. ही मंडळी भिंतीवर मांडलेल्या नव्या बुटांकडे बघतही नाहीत. थेट काउंटरशी येतात, पिशवीतून जुना बूट काढतात आणि विचारतात, "ताई, हाच मिळेल का? अगदी हाच. याच्या पुढचा नको."

मी पुण्यात धावण्याच्या बुटांच्या एका दुकानात बरीच वर्षं फिटिंगचं काम करते. पाय मोजायचा, बूट घालून बाहेरच्या फुटपाथवर थोडं पळायला लावायचं, जुन्या बुटाची झीज बघायची आणि मग दोन-तीन जोड समोर ठेवायचे, हे रोजचं काम. पण माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो बंद झालेल्या मॉडेलच्या शोधात. गोदामाला फोन, नाशिकला फोन, कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन. "यूके नऊ पडलाय का एखादा? रंग कुठलाही चालेल." रंग कुठलाही चालेल असं जो म्हणतो, तो बूट मिरवायला घेत नाहीये, पळायला घेतोय, एवढं माझ्या लगेच लक्षात येतं.

बाहेरून बघणाऱ्याला यात चिकटपणा दिसतो, किंवा वयाचा हट्ट दिसतो. मला तसं वाटत नाही. इतक्या पायांशी रोजचा संबंध आल्यावर माझं मत पक्कं झालंय की जुन्या मॉडेलला धरून बसणारा पळणारा बहुतेक वेळा बरोबर असतो. त्याला स्वतःला त्याचं कारण नीट सांगता येत नाही, एवढंच. "यात बरं वाटतं" यापलीकडे तो जात नाही. ते बरं वाटणं म्हणजे नेमकं काय, हे शोधण्यात माझी बरीचशी नोकरी गेली.

जुना बूट समोर आला की मी आधी तो पालथा घालते. टाचेची बाहेरची कड झिजलेली असली तर त्यात काळजीचं काही नाही. बहुतेकांचं पाऊल टाचेच्या बाहेरच्या बाजूनेच टेकतं. मग बूट टेबलावर ठेवून मागून बघते. आत किंवा बाहेर झुकलाय का? मधल्या फोमवर आडव्या सुरकुत्या कुठे पडल्यात? जाळीच्या कापडाला अंगठ्याच्या वर भोक असेल तर पळताना अंगठा वर उचलला जातोय. करंगळीपाशी कापड फुगून विरलं असेल तर पुढे जागा कमी पडतेय. एका बुटात एवढं सगळं लिहिलेलं असतं. माणूस म्हणतो मी आठवड्याला चाळीस किलोमीटर पळतो. बूट खरा आकडा सांगतो.

करंगळीची तक्रार आपल्याकडे फार. ज्यांचं लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलंय त्यांचा चवडा पसरट असतो, बोटं मोकळी सुटलेली असतात. बाहेरून येणारे बरेचसे बूट नेहमीच्या रुंदीतच मागवले जातात. रुंद पायासाठी ज्यावर 'टू ई' लिहिलेलं असतं तो प्रकार इथल्या दुकानांत क्वचित दिसतो. मग लोक काय करतात, रुंदी मिळत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतात. पुढे जागा मिळते, पण टाच आत हलायला लागते आणि उतारावर नखं काळी पडतात. अशा पायाला शोधून शोधून एखादं मॉडेल नीट बसलं, की तो माणूस ते सोडायला तयार होत नाही. त्याच्या जागी मीही सोडलं नसतं.

आता खोक्यावर नाव तेच असतं, नुसता पुढचा आकडा बदलतो. मग एवढं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडू शकतं. ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट ओढून बसवतात त्याला चांभारकामात फर्मा म्हणतात. हा फर्मा बदलला की बूट बदलला, नाव काहीही असो. चवड्यापाशी दोन-तीन मिलिमीटरचा फरक हातात घेऊन कळत नाही. पहिल्या पाच किलोमीटरलाही कळत नाही. पंधराव्याला कळतो, पाय सुजल्यावर. टाचेची उंची आणि चवड्याची उंची यांतला फरक, ज्याला आम्ही सगळे सरळ 'ड्रॉप' म्हणतो, तो कमी झाला की पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. वाढला की गुडघ्याकडे भार सरकतो. बुटाची जीभ पातळ झाली तर नाडीची गाठ पायावर रुतते. फोम मऊ झाला तर काहींना सुख वाटतं आणि काहींचा घोटा डगमगतो. मॅरेथॉनमध्ये माणूस साधारण 40,000 पावलं टाकतो. इतक्या वेळा जी गोष्ट घडणार आहे, तिच्यातला बारीकसा फरक बारीक राहत नाही.

उदाहरणच द्यायचं तर नायकेचा पेगासस घ्या. हा बूट 1983 पासून चालत आलाय. 1998 मध्ये तो बंद केला होता, 2000 मध्ये परत आणावा लागला. पस्तीस आणि छत्तीस क्रमांकाच्या पेगाससमध्ये हवेची पिशवी टाचेपासून चवड्यापर्यंत सलग होती. 2020 मध्ये सदतिसावा आला तेव्हा मधला फोमच वेगळा झाला आणि हवेची पिशवी फक्त चवड्याखाली उरली. नाव तेच, पण टाचेवर उतरणाऱ्याला तो सरळसरळ दुसरा बूट वाटला. पुढे बऱ्याच दिवसांपर्यंत लोक आमच्याकडे छत्तीस मागत आले. ब्रूक्सच्या अॅड्रेनलिन जीटीएसचं तसंच. त्यातल्या जीटीएसचा अर्थच 'गो-टू शू', म्हणजे डोळे मिटून घ्यावा असा बूट. पाय आत कलणाऱ्यांसाठी त्यात आतल्या बाजूला कडक फोमची फळी असायची. एकोणिसाव्या आवृत्तीत ती काढून टाचेच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या आल्या. असिक्सचा जेल-कायानो 1993 पासूनचा. 2023 मध्ये तिसावा आला तेव्हा त्यानेही आतली कडक फळी सोडून आधाराची नवी पद्धत घेतली.

हे बदल वाईट होते असं मी म्हणत नाही. कडक फळी कित्येकांच्या तळव्याच्या कमानीला टोचायची, त्यांना नवा बूट फार आवडला. आजचे फोम पूर्वीपेक्षा हलके आहेत. पण ज्याच्या पायाने त्या फळीवर वर्षानुवर्षं भार टाकलाय, त्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. खोक्यावरचा पुढचा आकडा ते सांगत नाही.

साताऱ्याच्या एक बाई आमच्याकडे येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, पन्नाशीच्या. साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि त्याच वाटेने उतरून यायचं. चढाची भीती सगळ्यांना वाटते, पण गुडघे जातात ते उतारावर. बाईंचाही एक गुडघा असाच धरला होता. फिजिओथेरपी केली, मांडीचे व्यायाम केले, पळण्याचं अंतर निम्म्यावर आणलं, आणि हळूहळू परत जमायला लागलं. या सगळ्या काळात त्यांच्या पायात जुना कायानो होता, कडक फळीचा. तो झिजला तेव्हा त्या साताऱ्याहून सकाळची एसटी पकडून पुण्याला आल्या.

तेव्हा बाजारात तिसावा होता. मी तो काढून दिला. त्यांनी घातला, दुकानात चालून बघितला, बाहेर जाऊन पळून बघितला. परत आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. मऊ आहे. पण मला जुनाच बघा."

मी नव्याबद्दल चार गोष्टी समजावून सांगितल्या. त्यांनी सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझा गुडघा कसाबसा थांबलाय. शर्यत सहा आठवड्यांवर आहे. आत्ता बूट बदलला आणि परत दुखलं, तर मी धरू कुणाला? बुटाला धरू, उताराला धरू, का माझ्या वयाला?"

पळणारे जुनं मॉडेल का मागतात याचं याहून चांगलं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पळणाऱ्याच्या आयुष्यात रोज बदलणाऱ्या गोष्टी ढीगभर असतात. झोप, ऊन, रस्ता, कालचं जेवण, घरातली दुखणी, वाढतं वय. त्यातली एक तरी गोष्ट जागच्या जागी राहिली तर बाकीच्यांचा अंदाज लावता येतो. बूट स्थिर असला आणि नडगी दुखली, तर कळतं की अंतर घाईने वाढवलंय. बूटही बदलला आणि अंतरही वाढवलं, तर डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. बाई शाळेत मुलांना प्रयोग शिकवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे त्यांना मी काय सांगणार?

त्यांचा नंबर शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात मिळाला, जांभळ्या रंगात. "शाळेतल्या पोरी हसतील," म्हणाल्या, आणि घेतला. गोष्ट एवढ्यावर संपली नाही, आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शर्यत झाल्यावर, विश्रांतीच्या दिवसांत, त्या स्वतःहून परत आल्या आणि नवा कायानो घेऊन गेल्या. आधी आठवड्यातून एकदा तीन किलोमीटर, सपाट रस्त्यावर. मग दोनदा. लांबच्या पळण्याला जांभळाच. असं करत करत दोन-तीन महिन्यांनी त्या पूर्णपणे नव्यावर आल्या. त्यांचं नव्याशी काहीच वैर नव्हतं. बदल कंपनीच्या तारखेला न होता स्वतःच्या सोयीने व्हावा, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

या विषयावर अभ्यासही झालेले आहेत, आणि ते वाचून आमच्या कामाची पद्धत बदलली. पूर्वी दुकानात कमान बघून बूट ठरवायचे: ओला पाय कागदावर उमटवायचा, सपाट असला तर आधाराचा बूट, उंच असला तर गादीचा. अमेरिकी सैन्याने 2009-10 च्या सुमारास हजारो नव्या जवानांवर हे तपासून पाहिलं. भूदल, मरीन आणि हवाई दल, तिन्हीकडे तळव्याच्या आकारानुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये असं मांडलं की शरीराची हालचालीची स्वतःची एक वाट ठरलेली असते, आणि जो बूट त्या वाटेत कमी अडथळा आणतो तो माणसाला आरामदायी वाटतो; म्हणून निवडताना त्या आरामाच्या जाणिवेवर भरवसा ठेवावा. ही मांडणी आहे, अंतिम सिद्धान्त नाही. तरीही "यात बरं वाटतं" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी आता जास्त आदराने बघते.

मात्र एकाच जोडावर सगळं पळणाऱ्यांना मी दुसरा एक अभ्यास आवर्जून सांगते. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी 264 धावपटूंवर 22 आठवडे लक्ष ठेवलं. जे आलटूनपालटून एकाहून अधिक जोड वापरत होते त्यांच्यात दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे जुनं मॉडेल मिळालं म्हणून त्याचे चार जोड भरून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं तेच घालायचे, हेही शहाणपणाचं नाही. ओळखीचा एक जोड मुख्य ठेवावा, त्याच्या सोबतीला थोडा वेगळा दुसरा असावा. माझा सल्ला हाच असतो, आणि जे ऐकतात त्यांना एखादं मॉडेल बंद झाल्याचा धक्का फारसा बसत नाही.

पैशाचीही बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नवं मॉडेल आलं की मागच्यावर सूट लागते. बारा-तेरा हजारांचा बूट आठ हजारांना मिळाला तर पगारदार माणसाचा महिना सुसह्य होतो. तळजाईच्या टेकडीवर पहाटे पोलीस भरतीच्या तयारीची मुलं पळताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, आणि सेकंदासेकंदावर गुण. ही मुलं मराठवाड्यातून, सोलापूर-सांगलीकडून पुण्यात येऊन खोली घेऊन राहतात, वडापाववर दिवस काढतात. त्यांच्यात एखादा मुलगा गेल्या भरतीत निवडला गेला की त्याच्या पायात जो बूट होता तोच सगळ्यांना हवा असतो. "दादाने हाच घातला होता." दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल, तेही परवडेल असंच. मी त्यांना भिंतीवरचं महागडं काही दाखवत नाही. पाय बघते, जुन्या साठ्यातलं जे नीट बसतं ते देते. त्यातली काही मुलं मैदानावर अनवाणीच पळतात आणि त्यांचा वेग बघून मी थक्क होते. शिवनाथ सिंग यांनी 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशकं कुणाला मोडता आला नाही, आणि शिवनाथ सिंग अनवाणी पळण्यासाठी ओळखले जात. बूट विकणाऱ्या माणसाने ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी.

दुसऱ्या टोकाला आहेत शर्यतीचे बूट. 2017 मध्ये नायकेचा व्हेपरफ्लाय आला, हलक्या उसळत्या फोममध्ये कार्बनची पट्टी घातलेला, आणि सगळं चित्रच पालटलं. वेळा इतक्या झपाट्याने खाली यायला लागल्या की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सोलची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत बांधून द्यावी लागली. 2023 मध्ये बर्लिनला तिगिस्त असेफा 2 तास 11 मिनिटं 53 सेकंदांत धावली तेव्हा तिच्या पायात अदिदासचा 138 ग्रॅमचा बूट होता. किंमत 500 डॉलर, आणि कंपनीचंच सांगणं की तो जेमतेम एका मॅरेथॉनपुरता. त्या पातळीवर नवेपणा हवाच, तिथे मिनिटाला मोल आहे. पण पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणारे आमचे काका जेव्हा मुलाच्या आग्रहाखातर असा बूट घ्यायला येतात, तेव्हा मी त्यांना बसवून पाणी देते आणि विचारते, "काका, पेडर रोडचा चढ तुम्ही पळता की चालता?" मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात तो चढ येतो आणि बहुतेक जण तो चालतात. उंच, मऊ आणि अरुंद टाचेच्या बुटावर थकलेल्या पायाने चालणं सुखाचं नसतं. बहुतेक काका मग आपल्या जुन्या जोडाची चौकशी करतात, आणि मुलगा थोडा नाराज होतो.

जुनं मॉडेल मिळेनासं होण्याची कारणं दर वेळी कंपनीच्या मर्जीतली नसतात. या धंद्याचं वेळापत्रकच वर्षाचं आहे. दरवर्षी काहीतरी नवं दाखवल्याशिवाय दुकानं माल उचलत नाहीत. एका वर्षी नुसतं वरचं कापड बदलायचं आणि पुढच्या वर्षी सोलला हात घालायचा, असं पुष्कळदा चालतं. म्हणून कुणी नव्या आकड्याला घाबरून आलं तर मी आधी सोल तोच आहे का ते बघते. तोच असला तर निम्मी भीती तिथेच जाते. आपल्याकडे 2023-24 पासून पादत्राणांवर भारतीय मानकाचा शिक्का टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. परदेशातल्या कारखान्यालाही त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे बाहेर दिसणारं प्रत्येक मॉडेल इथे त्याच वेळी येतंच असं नाही. परदेशी राहणाऱ्या भाच्याला सांगून बूट मागवणारे त्यातूनच वाढले. भाचा दोन जोड आणतो, आणि त्यातला एक मापात चुकतो. यूके आणि यूएस नंबरांचा घोळ अशा वेळी हमखास होतो.

जुना साठा घेताना एका गोष्टीकडे फार लोकांचं दुर्लक्ष होतं. बूट न वापरताही म्हातारा होतो. मधला फोम काळाने कडक होत जातो, चिकटवलेले भाग सुटायला लागतात, आणि आपल्या गोदामांतला उन्हाळा व पावसाळा हे काम आणखी लवकर करतो. काही सोल पॉलियुरेथेनचे असतात. ते दमट हवेत आतून कुजतात आणि एक दिवस भुगा होऊन पडतात. सह्याद्रीत ट्रेकला निघालेल्या कित्येकांनी हे अनुभवलंय: बूट दिसायला नवाकोरा, माळ्यावर जपून ठेवलेला, आणि पहिल्याच चढाला तळ निसटून हातात येतो. मंडईजवळ एक चांभार काका बसतात, आरी आणि रापी चालवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमच्याकडून सोल सुटलेले बूट मी त्यांच्याकडे पाठवते. काही ते सोल्युशन लावून, दाबून, नवे केल्यासारखे परत देतात. काही मात्र अंगठ्याने दाबूनच परत करतात. "फोम मेलाय याचा, ताई. चिकटवीन मी, पण पळायला देऊ नका." त्यांनी असं म्हटलं की मी तो बूट पळायला देत नाही, गिऱ्हाईक कितीही हळहळलं तरी.

म्हणून कुणी बंद झालेल्या मॉडेलचे तीन-चार जोड एकदम घ्यायला आलं तर मी दोनवर थांबवते. पळण्याचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. वजन, रस्ता आणि पाऊल टाकण्याची ढब यावर ते अवलंबून. आठवड्याला तीस किलोमीटर पळणाऱ्याला दोन जोड आठ महिने ते वर्षभर पुरतात. तिसरा आणि चौथा कपाटात पडून कडक होणार, आणि ज्या बुटावर विश्वास टाकला तो शर्यतीच्या दिवशी वेगळाच निघणार. ऑनलाइन मिळणाऱ्या 'फर्स्ट कॉपी'बद्दल तर बोलायलाच नको. जुन्या, लोकप्रिय मॉडेलच्या नावाने त्या भरपूर विकल्या जातात. वरून हुबेहूब असतात, फोम भलताच असतो. एका तरुण मुलाचं टाचेचं दुखणं केवळ अशा बुटामुळे महिनाभर लांबलेलं मी पाहिलंय. त्याला आपण जुनाच बूट घेतलाय याची इतकी खात्री होती, की तो दोष स्वतःच्या पायाला देत बसला होता.

मला मनापासून वाटतं की कंपन्यांनी या लोकांचं ऐकायला हवं. दरवर्षी पाच-सहा नवी नावं काढा, प्रयोग करा, रंग बदला. पण ज्या नावावर लोकांनी वर्षानुवर्षं भरवसा टाकलाय, त्याचा फर्मा तरी तसाच ठेवा. आणि ज्या वर्षी तो बदलाल, त्या वर्षी खोक्यावर ठळक लिहा: आकार बदलला आहे, ड्रॉप इतका झाला आहे. चार ओळींची माहिती छापायला खर्च तो किती? कुणाचा तरी गुडघा वाचेल.

आणि पळणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. दुकानात येताना जुना बूट घेऊन या, न धुता आणलात तरी चालेल. तो बघितल्याशिवाय मला तुमच्या पायाबद्दल फार काही कळणार नाही. शक्यतो संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. पळताना घालता तेच मोजे घाला आणि उभं राहून अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते बघा. मागचं मॉडेल सवलतीत मिळालं तर खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचा. दोन वर्षांहून जुना असेल तर फोम अंगठ्याने दाबून बघा, दोन्ही बूट सारखे दबले पाहिजेत आणि लगेच वर आले पाहिजेत. शर्यत महिन्याभरावर आली असेल तर नवं मॉडेल घेऊ नका, विकणारा कितीही आग्रह करो. शर्यत झाल्यावर या. तेव्हा नवा बूट निवांत घालून बघू.